मदत हवी आहे: शेअर बटणावर शून्य, पण लेख गावोगाव फिरतोय, हे मोजायचं कसं?

द्राक्षबाग_तासगाव:

नमस्कार मंडळी, मी तासगाव तालुक्यातला. घरची अडीच एकर द्राक्षबाग आहे आणि २०१७ पासून एक छोटी वेबसाईट चालवतो. छाटणी, फवारणी, बेदाण्याचे सौद्यातले दर, असलं सगळं त्यात असतं. लिहिणारा मी एकटाच, तेपण रात्री जेवणं झाल्यावर. आजवर जाहिरात कधी घेतली नाही, पण आता होस्टिंगचा खर्च झेपेना म्हणून औषधाच्या एका दुकानदाराशी बोलणं लावलं, तर ते म्हणाले लेखाखाली शेअर किती झालेत तेवढं दाखवा. मोबाईल काढून दाखवला तर फेसबुकच्या बटणावर शून्य, ट्विटरच्या बटणावर आकडाच नाही आणि व्हॉट्सॲपचं बटण तर नुसतं हिरवं. ते म्हणाले, "मग हे वाचतंय कोण?" मला काय बोलावं सुचेना.

आता खरी गोष्ट सांगतो. २०१९ च्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस थांबतच नव्हता आणि बागा नेमक्या पोंगा अवस्थेत, म्हणजे छाटणीनंतर कोवळी फूट निघत होती, तेव्हा डाऊनीवर (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) लिहिलेला लेख लई फिरला होता, बटणावर तेव्हा हजाराच्या वर आकडा होता, मी स्वतः बघितलाय. मधी वेबसाईट करणाऱ्या पोरानं पत्त्याच्या पुढं ते कुलूपवालं एचटीटीपीएस लावून दिलं आणि तेव्हापासून सगळ्या लेखांवर शून्य.

आणि परवाची गोष्ट. बेदाण्याच्या सौद्याला गेलेलो, आमच्या लॉटपाशी उभा होतो तर शेजारी जतकडचे एक काका, त्यांनी खिशातनं फोन काढला, काच तडकलेली, आणि मला म्हणाले, "पाहुणं, हे औषधाचं प्रमाण बरोबर हाय का बघा जरा." बघतो तर माझाच तक्ता! कुणीतरी स्क्रीनशॉट काढलेला, वरचं साईटचं नाव कापलेलं, आणि मेसेजवर ती दोन बाणांची खूण, म्हणजे कितीतरी हातातनं फिरून आलेला. तक्ता दोन वर्षांपूर्वीचा होता आणि त्यातलं एक प्रमाण मी मागच्या वर्षी साईटवर दुरुस्त केलंय. काकांना तिथंच सांगितलं म्हणून बरं, पण बाकी कुठल्या कुठल्या गावात तो जुना तक्ता बघून लोक पंप भरत असतील हे डोक्यातनं जाईना. रात्री झोप लागली नाही खरंच.

म्हणून विचारतोय. फेसबुकचा जुना आकडा परत येतो का, व्हॉट्सॲपवर किती जणांनी पुढं पाठवलं हे कुठं कळतं का, आणि दुकानदाराला दाखवण्यासारखं प्रामाणिक असं काय आहे. एका पोरानं पाचशे रुपयात हजार लाईक आणून देतो म्हणून फोन केलता, ते मला करायचं नाही. माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवून लोक बागेत औषध मारतात, त्यांना खोटा आकडा दाखवून कसं चालेल?

मिरज_जंक्शन:

दादा, आकडा गेला त्याचं कारण सोपं आहे. ती मोजणी लेखाची नसते, पत्त्याची असते. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस हे फेसबुकच्या हिशोबात दोन वेगळे पत्ते, त्यामुळं जुन्या पत्त्याचा आकडा जुन्यापाशीच राहिला आणि नवीन पत्ता शून्यापासनं सुरू झाला. पोराचं तसं चुकलं नाही, कुलूप लावायलाच पाहिजे होतं. ट्विटरनं तर बटणावरचा आकडा नोव्हेंबर २०१५ लाच बंद केला. आणि व्हॉट्सॲप असला आकडा कधीच देत नाही, मेसेज पाठवणारा आणि घेणारा सोडून तिसऱ्याला दिसतच नाही, मग मोजणार कोण?

माझं ऐकाल तर बटणावरचे आकडे काढूनच टाका. शून्य दिसलं की नवीन माणसाला वाटतं इथं कुणी येत नाही. शिवाय तो बटणांचा तयार संच लावला असेल तर प्रत्येक वेळी बाहेरनं स्क्रिप्ट ओढून आणतो, आटपाडी-जतकडं रेंज कमी असते, पान उघडायलाच वेळ लागतो. आणि असले संच कधी बंद पडतील सांगता येत नाही. ॲडधिस किती साईटवर होतं, ३१ मे २०२३ ला बंद झालं, लोकांच्या पानावरची बटणं गेली. साधी लिंकवाली बटणं टाका, फेसबुक आणि व्हॉट्सॲप दोनच.

माणदेशी_ताई:

दादा तुमच्या लेखाचे पत्ते मराठीत आहेत का? असतील तर तेपण बघा. व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की पुष्कळदा मराठी अक्षरं दिसत नाहीत, टक्क्याच्या खुणा आणि इंग्रजी अक्षरं-आकडे अशी माळ दिसते, एका अक्षरामागं किंवा काना-मात्रेमागं नऊ चिन्हं, म्हणजे नुसत्या 'द्राक्ष' शब्दाची ६३ होतात. माझ्या शिवणाच्या ब्लॉगला हेच होत होतं, सासूबाईंनी मला विचारलं हे व्हायरस आहे का म्हणून! लोक अशा लिंकवर बोट ठेवत नाहीत आणि मग स्क्रीनशॉट काढून पाठवतात. पत्ता छोटा रोमन अक्षरात करा, आणि जुन्यावरनं नव्यावर तीनशे एकचं रीडायरेक्ट लावायला विसरू नका, नाहीतर आधी फिरलेल्या लिंक मेल्या.

व्हॉट्सॲपचं मोजायचं तर बटणाच्या लिंकला यूटीएमची शेपटी लावा, म्हणजे माणूस कुठनं आला ते सांगणारे शब्द पत्त्याच्या शेवटी जोडा, सोर्समध्ये व्हॉट्सॲप लिहा. मग गुगल ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे साईटवर येणारे मोजायच्या साधनात, ती माणसं वेगळी दिसतात, नाहीतर ती सगळी 'डायरेक्ट'मध्ये जमा होतात आणि वाटतं हे पत्ता टाईप करून आले. लिंक पुढं पुढं गेली तरी शेपटी सोबत जाते. किती जणांनी पाठवलं हे नाही कळत, पण त्या वाटेनं किती जण साईटवर आले ते कळतं, आणि मला वाटतं तेच कामाचं. शेपटीतली अक्षरं सगळीकडं लहान लिपीतच ठेवा, कॅपिटल केलं की तो वेगळा सोर्स धरतो, माझं दोन महिने असंच विस्कटलेलं.

स्क्रीनशॉट मोजता येत नाही. पण तक्त्याच्या मधोमध फिकट अक्षरात साईटचं नाव आणि दुरुस्तीची तारीख छापा, कडेला नको, कडेचं कापतात.

अजिंक्यतारा_पायथा:

साताऱ्यात आमचं छपाईचं आणि जाहिरातीचं काम आहे म्हणून दुकानदाराच्या बाजूनं सांगतो. त्यांना शेअर नको असतात, गिऱ्हाईक पाहिजे असतं, पण मागायचं काय ते माहीत नसतं म्हणून शेअर मागतात. मधी क्लाऊट म्हणून एक साईट होती, माणसाला १ ते १०० मधला मार्क द्यायची की तुमचा प्रभाव एवढा. २५ मे २०१८ ला बंद झाली, त्याच दिवशी युरोपातला माहिती-सुरक्षेचा नवा कायदा लागू झाला. आमच्याकडंपण तेव्हा तो मार्क छापून घेऊन लोक यायचे. त्यातनं दुकानात माणूस आला का हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

तुम्ही एक करा. जाहिरातीत दुकानाच्या व्हॉट्सॲपची अशी लिंक द्या की दाबल्यावर मेसेज आधीच लिहिलेला येईल, "तुमच्या जाहिरातीवरनं आलोय, बाग अमुक दिवसांची आहे." माणसानं फक्त पाठवायचं. महिन्याभरात असे किती मेसेज आले ते दुकानदार स्वतःच्या फोनवर मोजतील, तुमच्यावर विश्वास ठेवायचीपण गरज नाही. पहिला महिना फुकट द्या आणि मग दर बोला. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर करा, आत्ता नको, आत्ता कुणी औषध घेत नाही.

द्राक्षबाग_तासगाव:

लई आभार सगळ्यांचे, ताई तुमचे विशेष, पत्ते मराठीतच होते. आज दिवसभर बसून २३ लेखांचे पत्ते बदलले, रीडायरेक्ट लावलं, प्रत्येक जुनी लिंक स्वतः दाबून बघितली. बटणांवरचे आकडे काढले, शेपटीपण लावली. अजिंक्यतारा दादा, दुकानदारांना तुमची कल्पना फोनवर सांगितली, ते लगेच हो म्हणाले, "हे मला समजतंय" असं म्हणाले.

तक्ता नवीन केला, मधोमध तारीख टाकली. जतच्या काकांचा नंबर त्या दिवशी घेतलेला, त्यांना पहिला पाठवला आणि सांगितलं की जुना ज्या ग्रुपवर आला होता तिथंच हा टाका. त्यांनी टाकला. संध्याकाळी शेपटीवाल्या लिंकवरनं पहिले नऊ जण आले.

एकच राहिलंय. जुन्या तक्त्याचं चित्र साईटवरनं मी काढलंय तरी गुगलच्या फोटोत शोधलं की अजून तेच वर येतंय. ते तिथनं लवकर घालवायला काय करायचं, कुणाला माहिती आहे का?