मदत हवी आहे: ठाण्यातल्या जुन्या कॉलेजची नक्षीदार सिमेंट फरशी

तळमजल्यावरचा वाचन कक्ष, ९०० चौरस फूट. फरशी ८ इंची, म्हणजे २,०२५ नग, जाडी पाऊण इंच, खाली चुन्याचा थर. साधारण १२० फरश्या ठोकल्यावर बद्द वाजतात, म्हणजे खालून सुटल्या आहेत. उत्तरेच्या भिंतीलगत लोणा (ओलीबरोबर वर येणारे पांढरे क्षार) फुटलाय. कंत्राटदाराचं म्हणणं: अ‍ॅसिडने धुऊ, मशीनने घासू, सुटलेल्या फरश्या सिमेंटात बसवू, वर पॉलीयुरेथेनचा (प्लास्टिकसारख्या वॉर्निशचा) कोट देऊ. नक्षी टिकायलाच हवी. काय करावं?

उत्तर १
यातलं एकही नको. ही फरशी भाजलेली नसते, दाबून केलेली असते. रंगाचा थर पांढऱ्या सिमेंटचा आणि संगमरवराच्या भुकटीचा, जेमतेम ४-५ मिमी. अ‍ॅसिड तोच खातं, मशीन तोच घासून नेतं. कोट दिला की खालची ओल अडते आणि क्षार रंगाच्या थराखाली साचून पापुद्रे उडवतात.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा. उत्तरेला बाहेर पेव्हर ब्लॉक टाकून जमीन जोत्याच्या वर चढली आहे का? पन्हाळीचं पाणी भिंतीशीच पडतं का? आपल्याकडे बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो, आणि तो दुरुस्त न करता फरशी बसवली तर दोन पावसाळ्यांत लोणा परत दिसेल. फरशीवर १ मीटर चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवून २४ तास ठेवा. खालच्या बाजूला थेंब जमले तर ओल जमिनीतूनच येते आहे. ही तपासणी जुलै-ऑगस्टमध्ये करा, काम फेब्रुवारी ते मे.

लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढा. धुतलात तर क्षार पुन्हा आत मुरतील. मग उरलेले क्षार ओढून घ्यायला डिस्टिल्ड वॉटरमधला कागदाचा लगदा १ सेंमी जाड थापा, पूर्ण वाळल्यावर उचला. असं दोन-तीनदा.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. सुटलेल्या १२० कशा बसवायच्या?

उत्तर २
आधी फोटो आणि प्रत्येकीवर क्रमांक. फरश्यांमधले सांधे करवतीच्या पात्याने कापा. छिन्नी मारली की कडा उडतात. सुरुवात आधीच फुटलेल्या फरशीपासून. मागचा जुना चुना खरवडून काढा.

बसवायच्या मसाल्याचं प्रमाण: मुरवलेला चुना १, सुरखी (विटांची भुकटी) १, धुतलेली वाळू २. क्षेत्र सुमारे ५३ चौरस फूट. १ इंच थराला दीड, दीड आणि तीन घनफूट पुरे. वाळू खाडीची नसावी, नाहीतर क्षार आपणच आत घालू. फरशी आणि खालचा थर भिजवून घ्या, लाकडी हातोडीने बसवा, गोणपाट ७ दिवस ओलं ठेवा. सिमेंट टाळा: पुढे एखादी फरशी काढावी लागली तर ती अखंड निघणार नाही.

फुटलेल्यांच्या जागी कपाटांखालच्या साबूत फरश्या आणा, आणि नव्या फरश्या त्या कपाटांखाली लावा. इमारत वारसा यादीत असेल तर महापालिकेची परवानगी काम सुरू करण्याआधी घ्या.