मदत हवी आहे : बंद सांडपाणी केंद्रातील वाळलेला गाळ शेतात टाकावा का?

नमस्कार,

बेळगाव जिल्ह्यातील एका लहान शहराच्या वेशीला लागून आमची भाताची शेतवडी आहे आणि बांधापलीकडे पालिकेचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. पंप जळाल्यापासून ते बंद असून युजीडीचे (भूमिगत गटारांचे) पाणी केंद्राला वळसा घालून सरळ नाल्यात जाते. तीन तळ्यांपैकी पहिले गाळाने भरत आले होते, ते यंदाच्या उन्हाळ्यात आटले. वरचा थर भेगाळून खापरीसारखा वाजतो. मात्र फावडे वीतभर खाली गेले की लोण्यासारखा मऊ, काळा गाळ लागतो आणि वासाने डोके उठते. शेवटच्या तळ्यात केंदाळ माजले आहे व कडेच्या उथळ पाण्यात शेकाटे चरत असतात, त्यामुळे लांबून जागा रम्यच वाटते.

आता काही शेतकरी हा गाळ सोनखत म्हणून ट्रॉलीने उचलायला निघाले आहेत. सोनखत आमच्या आजोबांनीही वापरले, पण ते खड्ड्यात मुरवून, आणि त्या काळी गटारात बॅटरीचे आम्ल किंवा गॅरेजचे तेल येत नव्हते. शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे धातू कुजत नाहीत आणि गोलकृमीची अंडी ओलसर गाळात अनेक वर्षे तग धरतात, एवढे मी वाचले आहे. नत्राचा अतिरेक काय करतो ते तर स्वतः भोगले आहे : दोन वर्षांपूर्वी नाल्याचे पाणी दिलेले भात कमरेला लागले, गावाने कौतुक केले, आणि पोटरीनंतर (लोंबी पोटात धरल्यावर) सगळे लोळून लोंब्या पोचट निघाल्या.

तरी जाणकारांनी सांगावे, गाळाचा नमुना कसा घ्यावा आणि कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात? आमची पिण्याची विहीर तळ्यापासून साठ पावलांवर आहे. तिच्यातील नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेत आहे की नाही हे कळेपर्यंत पाणी उकळून प्यायल्यास चालेल का? तसेच १९७४ च्या जल कायद्याखालील सांडपाणी केंद्र चालवण्याची संमती व गाळाच्या विल्हेवाटीचा आराखडा माहिती अधिकारात मागायचा आहे. आमचे कन्नड बाजारापुरते, म्हणून कोणाकडे कन्नड अर्जाचा नमुना असल्यास कृपया द्यावा.

प्रतिसाद : विहिरीचे आधी सांगतो. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. सहा महिन्यांच्या आतील बाळाचे वरचे दूध त्या पाण्यात अजिबात करू नये. गाळ एकाच जागेचा नेऊ नका. आठ-दहा ठिकाणी खणून वरचा व खालचा थर वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, कारण उन्हात तापलेला वरचा थर खालच्या गाळाची लबाडी झाकतो. धातूंबरोबर कृमींची अंडी मोजायला आवर्जून सांगा; जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शनात कोरड्या गाळाच्या एका ग्रॅममागे एकापेक्षा कमी अंडे अशी मर्यादा आहे. अहवाल येईपर्यंत ट्रॉल्या थांबवा. कन्नडवाचून अडू नका, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ प्रमाणे हिंदीतला अर्जही चालतो आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.

धागाकर्ता : मनापासून आभार. घरात पाच महिन्यांची नात आहे. आजपासून तिच्यासाठी चुलत्यांच्या बोअरवेलचे पाणी आणतो, आणि विहिरीबरोबर तेही तपासायला देतो.