मदत हवी: पोलिसांचा गोळीबार समर्थनीय होता का, हे कागदांवरून कसे ठरवायचे?

नदीकाठ_पणजी
सोमवारपर्यंत मयताच्या घरच्यांसाठी टिपण द्यायचे आहे. प्राथमिकी (एफआयआर) म्हणते, आधी त्याने गोळी झाडली, मग पोलिसांनी 'स्वसंरक्षणार्थ' तीन झाडल्या. शवचिकित्सेत एक जखम पाठीत. म्हणजे चकमक बनावट, सिद्धच झाले ना? कुठले कलम लावू तेवढे सांगा.

वकील_फोंडा
तारीख? 1 जुलै 2024 पूर्वीची घटना असेल तर स्वसंरक्षणासाठी भादंवि (जुनी दंड संहिता) 96 ते 106, नंतरची असेल तर तिच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता 34 ते 44. कोठडीत होता का? असेल तर उपजिल्हाधिकाऱ्यांची चौकशी पुरत नाही, न्यायदंडाधिकारी लागतात. आणि घटना गोव्यातलीच ना?

शवागार_बांबोळी
एका पाठीवर निकाल देऊ नका. माणूस अर्ध्या सेकंदात वळतो. तिन्ही जखमा वेगवेगळ्या वाचा: प्रवेश कुठून, दिशा कुठली, अंतर किती. पिस्तुलाची काजळी साधारण 30 सेंटिमीटरच्या आत दिसते, बंदुकीच्या दारूच्या कणांचे गोंदण (कातडीत रुतलेले ठिपके) 60 ते 90 पर्यंत. शस्त्र-काडतुसागणिक हे बदलते, म्हणून त्याच पिस्तुलाने, तसल्याच काडतुसाने चाचणी मागा. शर्ट कुठे आहे? काजळी कापडावर अडकते आणि खालची कातडी स्वच्छ दिसते. रक्ताचे ओले कपडे प्लॅस्टिकमध्ये बांधले असतील तर कुजून पुरावा गेला.

सत्तरीकर
मयतावर गुन्हा कुठला होता ते सांगा आधी. जन्मठेपेचा असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक-तपासाचा कायदा) कलम 43(4) प्रमाणे अटकेच्या वेळी जीव गेला तरी चालतो. विषय संपला.

वकील_फोंडा
नाही संपला. ते कलम इतर आरोपींच्या बाबतीत मनाई करते, जन्मठेपेवाल्याला मारायचा परवाना देत नाही. बळ तिथेही अटकेला आवश्यक तेवढेच. शिवाय प्राथमिकीत 'पळाला म्हणून' असे नाहीच, स्वसंरक्षण आहे. मग न्याय संहितेची कलमे 37 आणि 40 बघा: गरजेपेक्षा जास्त इजा नको, आणि भीती टिकते तोवरच हक्क टिकतो. पहिली गोळी योग्य आणि तिसरी खून, असेही होऊ शकते. स्वसंरक्षण दाखवायचा भार साक्ष अधिनियमाच्या कलम 108 प्रमाणे पोलिसांवर.

आसगावकर
अंगावरचे कॅमेरे सक्तीचे केले तर ही वेळच येणार नाही. आणि भरपाईसाठी थेट पर्वरीला, उच्च न्यायालयात रिट टाका, सर्वोच्च न्यायालयाचा निलाबती बेहेरा निवाडा (1993) आहे.

वकील_फोंडा
भरपाई त्यांनी विचारली नाही. घटनास्थळ कळल्याशिवाय पर्वरी कशाला?

नदीकाठ_पणजी
घटना गोव्याबाहेरची, मयत पेडण्याचा. कोठडीत नव्हता. दहा महिने झाले. तपास त्याच ठाण्याकडे आहे. मयताच्या हातात गावठी कट्टा (देशी पिस्तूल), एकनळी. आता तरी कलम सांगा.

वकील_फोंडा
हे आधी सांगायचे, बाब! राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची मुदत एक वर्षाची. दोनच महिने राहिले, अर्ज याच आठवड्यात टाका. चकमकींवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 23 सप्टेंबर 2014 च्या पीयूसीएल निवाड्याप्रमाणे तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याकडे हवा, शवविच्छेदन दोन डॉक्टरांकडून आणि चित्रीकरणासह. आधी खबर मिळाली होती असे पोलीस म्हणत असतील तर त्याची लेखी नोंद मागा. हे पाळले गेले नसेल तर कुटुंबाने घटनास्थळाच्या सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करायची, म्हापशाला नव्हे.

शवागार_बांबोळी
कट्ट्याची पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचे रिकामे कवच) कुठे सापडली? पंचनामा उघडून अंतर वाचा.

नदीकाठ_पणजी
मृतदेहापासून दोन मीटरवर, जमिनीवर. कट्टा उजव्या हातात. का?

शवागार_बांबोळी
पोलिसांचे 9 मिमी पिस्तूल पुंगळी आपोआप बाहेर फेकते. एकनळी कट्टा फेकत नाही, ती नळीतच राहते. नळी मोडून हाताने काढावी लागते, कधी काडीने ढोसावी लागते. मग त्याने गोळी झाडली, कट्टा उघडला, पुंगळी काढून टाकली, आणि तेवढ्यात पोलीस थांबले? दुसरे काडतूस भरलेले मिळाले का? नसेल तर त्या क्षणी त्याच्या हातात रिकामी नळी होती. हातांवरच्या दारूच्या कणांचे नमुने कधी घेतले, तेही बघा. शवागारात नेण्याआधी हातांना कागदी पिशव्या बांधल्या नसतील तर नकारात्मक अहवालाला फारसा अर्थ नाही.

सत्तरीकर
उघडताना पुंगळी हातातून उडूही शकते.

शवागार_बांबोळी
शकते. म्हणूनच कट्टा जप्त करताना बंद होता की उघडा, हे विचारतो आहे. पंचनाम्यात आहे का?

नदीकाठ_पणजी
बंद. आणि आत दुसरी पुंगळी किंवा काडतूस असल्याचा उल्लेख नाही.

वकील_फोंडा
त्या ओळीपासून टिपण सुरू करा.