मदत हवी आहे: मागावरचा रास्पबेरी पाय दिवसातून तीन-चारदा क्रॅश होतोय, कार्ड बदलून झालं

मागकरी_१६
नमस्कार मंडळी, लई वैतागलोय म्हणून लिहितोय. अक्कलकोट रोडला आमची टॉवेलची शेड आहे, १६ माग, वडील आणि मी बघतो. दिवाळीनंतर मी प्रत्येक मागाच्या क्रँकला प्रॉक्सिमिटी सेन्सर लावून रास्पबेरी पायवर (छोटा कॉम्प्युटर, पुढं नुसतं 'पाय' लिहितो) पिक मोजायला सुरुवात केली, पिक म्हणजे आडवा धागा एकदा जाणं, क्रँकचा एक फेरा म्हणजे एक पिक, पाळी संपली की आकडा टीव्हीवर दिसतो आणि पगार त्याच आकड्यावर निघतो. तीन महिने झकास चाललं, आता पंधरा दिवस झाले रोज तीन-चारदा क्रॅश व्हायलंय. कर्नल पॅनिक, म्हणजे ओएसचा गाभाच कोसळतो. मेमरी कार्ड तीनदा बदललं, ओएस दोनदा नव्यानं टाकली, काडीचा फरक नाही. दर दहा मिनिटांनी सेव्ह करतो त्यामुळं क्रॅश झाला की मधले पिक गेले, एका मागाचे अकराशेच्या आसपास. काल एका कामगाराचे असे दोनदा गेले, तो बरोबर बोलत होता आणि माझ्याकडं दाखवायला काही नव्हतं. वडील म्हणतात शनिवारच्या हिशोबापर्यंत नीट झालं नाही तर सगळं काढून वही चालू. काय करू ते लवकर सांगा.

जुना_लिनक्सवाला
कुठला पाय? तीन, चार, पाच? वीज कशावरनं देताय? कर्नल कुठला? यूएसबीला काय काय लावलंय? आणि पॅनिक झाला हे कशावरनं ठरवलं, स्क्रीनवर मजकूर दिसला का? यातलं काहीच लिहिलं नाही तुम्ही.

पार्कचौक
कार्डच. दुसरं काही नसतं. मेमरी कार्डावर ओएस चालवणं हाच मूर्खपणा आहे, एसएसडी लावा यूएसबीला, मी चार वर्षं झाली लावलाय, एकदाही बंद पडला नाही.

मागकरी_१६
कार्ड तीनदा बदललं म्हणून लिहिलंय ना वर. पाय ४ आहे, ४ जीबी. वीज नेहमीसारखी चार्जरवरनं. टीव्ही काळा होतो, कधी अक्षरं येतात कधी नाही, एकदा मोबाईलवर फोटो काढला त्यात खाली 'कर्नल पॅनिक नॉट सिंकिंग' एवढंच वाचता येतंय.

ईएसपी_वेडा
पिक मोजायला लिनक्स लागतंच कशाला? ईएसपी३२ घ्या, छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, चार-पाचशे रुपयात येतो, ना कार्ड ना कर्नल, चालू केला की दोन सेकंदात मोजायला लागतो. १६ माग म्हणजे सेकंदाला किती इंटरप्ट (सेन्सरचे इशारे) येत असतील, त्यानंच पाय कोसळत असणार.

जुना_लिनक्सवाला
ईएसपी_वेडा, गणित करा. मिनिटाला ११० फेरे धरले तर १६ मागांचे १७६०, म्हणजे सेकंदाला तीसच्या आत. पायला ते कळणारही नाही. इंटरप्टनं पडत असता तर पहिल्याच दिवशी पडला असता, तीन महिने चालला नसता.
मागकरी, 'नेहमीसारखी चार्जरवरनं' म्हणजे कुठल्या? किती अँपियर? वायर किती लांब? पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपियर लागतं. टर्मिनलवर व्हीसीजेनकमांड गेट थ्रॉटल्ड चालवा आणि काय आकडा येतो तो जसाच्या तसा इथं टाका.

फॉन्टवेडा
टीव्हीवर कामगारांची नावं मराठीत दिसत असतील तर लोहित देवनागरी फॉन्ट टाका, ॲप्टनं मिळतो. क्रोमियममध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर नोटो जास्त चांगला. आमच्या वाचनालयात तोच आहे.

मागकरी_१६
फॉन्टचा काही त्रास नाही दादा.
आकडा ०एक्स५०००० आला. चार्जर मोबाईलचा आहे, २ अँपियर लिहिलंय, पॅनलपासून प्लग लांब म्हणून दोन मीटरची केबल लावलीय. तीन महिने हाच होता.

जुना_लिनक्सवाला
हं. त्यातला एक ५ म्हणजे दोन गोष्टी, पाय चालू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज खाली गेलंय आणि त्यामुळं प्रोसेसरचा वेग कापला गेलाय. शेवटी शून्यं आहेत म्हणजे तुम्ही बघितलं त्या क्षणी ठीक होतं. कमी व्होल्टेजची रेघ ४.६३ व्होल्टची आहे, त्याच्या खाली गेलं की बोर्डावरचा लाल दिवा विझतो, तो बघा मिणमिणतोय का.

हॉटगीरोड
६५ वॅटचा लॅपटॉपचा टाईप सी चार्जर लावा, प्रश्न मिटला.

वायरमनकाका
नाही मिटत. पाय ४ चार्जरकडं जास्त व्होल्ट मागतच नाही, तो ५ व्होल्टच घेतो, आणि बऱ्याच मोठ्या चार्जरचं ५ व्होल्टवरचं आउटपुट ३ अँपियरलाच थांबतं. वॅट बघू नका, ५ व्होल्टपुढं किती अँपियर लिहिलंय ते बघा. खरा घोटाळा केबलमध्ये असतो. मोबाईलच्या केबलमध्ये तांबं केसाएवढं, दोन मीटरवर अर्धा व्होल्ट सहज खाऊन टाकते. मीटर घ्या, पायच्या २ आणि ६ नंबरच्या पिनवर लावा, माग चालू असताना बघा. आणि तुमच्या शेडमध्ये लाईट येते-जाते तेव्हा सगळ्या मागांच्या मोटारी एकदम चालू करता का? त्या वेळी लाईनचं व्होल्टेज किती बसतं ते पण बघा.

सातरस्ता
काका बरोबर आहेत. शिवाय मार्चमध्येच पत्र्याखाली चाळीसच्या वर जातंय, पुढं मे आहे, त्या पॅनलमध्ये पायची भाजी होत असेल.

आहेरवाली
दादा तुमची टॉवेलची शेड आहे ना, लग्नात आहेराला २०० टॉवेल हवेत, होलसेल भाव काय पडेल? मोठे, टर्किश, काठाला जॅकार्ड असेल तर उत्तम.

मागकरी_१६
ताई व्यक्तिगत निरोप करा, देतो. इथं आधी हे मिटू दे.
तापमान बघितलं, दुपारी ७१ डिग्री. पिनवर ४.७६ आलं, एकदा ४.७ दाखवलं. लाल दिवा अधूनमधून विझतोय, आजवर लक्षच गेलं नव्हतं.

जुना_लिनक्सवाला
७१ चालेल, ८० ला तो वेग कापायला लागतो. हिट सिंकवर कापसाची धूळ बसली असेल ती मात्र ब्रशनं काढा. व्होल्टेज वाईट आहे. मीटर सरासरी दाखवतो, क्षणभराचा खड्डा त्याला दिसत नाही.
आता एक नीट आठवून सांगा, माझ्या मते सगळं यावर आहे. क्रॅश झाल्यावर पाय आपोआप चालू होतो, का अडकून पडतो आणि तुम्ही प्लग काढून घालता? पायची मूळ सेटिंग अशी आहे की पॅनिक झाला की तो तिथंच थिजतो, स्वतःहून उठत नाही. स्वतःहून उठत असेल तर ते पॅनिक नाही, वीज तुटतेय.

मागकरी_१६
दोन्ही होतं. दुपारी लाईट येते-जाते तेव्हा आपोआप रिबूट. आणि रात्रपाळीला अडकतो, घड्याळ थांबलेलं दिसतं, मग मी नाहीतर मागांवर देखरेख करणारा जॉबर जाऊन प्लग काढतो. मी ते एकच धरून चाललो होतो.

जुना_लिनक्सवाला
दोन वेगळे आजार आहेत हे. पहिल्याला नवी पॉवर सप्लाय आणि जाड आखूड केबल. दुसऱ्यासाठी त्या वेळचा मजकूर हवा आणि तो कार्डावर सापडणार नाही, कारण कर्नलच पडला तर लॉग कार्डापर्यंत पोचत नाही. सिरियल कन्सोल लावा, म्हणजे पायचा मजकूर वायरीनं थेट दुसऱ्या कॉम्प्युटरवर येतो. यूएसबी टीटीएल मॉड्यूल घ्या, ३.३ व्होल्टचंच, ६ नंबर पिन ग्राउंड, ८ नंबर पायचा टीएक्स (पाठवणारा), १० नंबर आरएक्स (घेणारा). लाल वायर अजिबात जोडू नका. कॉन्फिग फाईलमध्ये इनेबल यूआर्ट एक करा, सीएमडीलाईनमध्ये कन्सोल सिरियल शून्य, वेग ११५२००. जुना लॅपटॉप रात्रभर शेजारी ठेवा, सगळं फाईलमध्ये जाऊ द्या. आणि यूएसबीला काय आहे ते अजून सांगितलं नाहीत.

मागकरी_१६
८ आणि १० वर १५ आणि १६ नंबरच्या मागांचे सेन्सर आहेत, ते काढू का? यूएसबीला काही विशेष नाही, फक्त वायफायचा अँटेनावाला डोंगल. पॅनल लोखंडी आहे, पायचं स्वतःचं वायफाय ऑफिसपर्यंत पोचत नाही म्हणून महिन्याभरापूर्वी लावला.

जुना_लिनक्सवाला
महिन्याभरापूर्वी! आणि ड्रायव्हर?

मागकरी_१६
तो कर्नलमध्ये नव्हता, नेटवरनं सोर्स उतरवून कंपाइल केला. दोनदा ओएस टाकली तेव्हा तो पण पुन्हा टाकला.

ईएसपी_वेडा
मग ओएस बदलून काय उपयोग झाला.

जुना_लिनक्सवाला
थांबा, अंदाजावर जाऊ नका, लॉग येऊ द्या. १५-१६ चे सेन्सर दुसऱ्या मोकळ्या पिनवर न्या आणि कोडमध्ये नंबर बदला. रात्रीचे दोन-तीन क्रॅश पकडा. प्रत्येक वेळी वेगळ्याच ठिकाणी पडला तर वीज नाहीतर रॅम. दरवेळी एकाच फंक्शनमध्ये पडला तर ड्रायव्हर.

धोटा
मी सगळं वाचलं, पण मला दुसरंच खटकतंय. माझे वडील तीस वर्षं मागावर होते. पाय कधी नीट होईल ते होईल, पण तोवर त्या माणसाचे पिक कुठं जातायत? मागावर जुना नंबरचा काउंटर असतो, तो काढला का तुम्ही? काढला असेल तर आजच परत लावा, आणि पाळीच्या सुरुवातीला व शेवटी त्याचा आकडा कामगारासमोर वहीत लिहा. मशीन पडलं म्हणून माणसाची कमाई पडू नये. दहा मिनिटांनी सेव्ह करणं मला बरोबर वाटत नाही.

पार्कचौक
दर सेकंदाला लिहिलं तर कार्ड लवकर मरेल. म्हणूनच सांगतोय एसएसडी.

ईएसपी_वेडा
कार्डावर लिहूच नका. आय स्क्वेअर सी वर जोडायची एफ-रॅम नावाची मेमरी चिप मिळते, ३ आणि ५ नंबर पिनवर लागते, लिहून लिहून झिजत नाही आणि वीज गेली तरी आकडा राहतो. १६ मागांचे १६ आकडे, प्रत्येकी चार बाइट, ६४ बाइट झाले. प्रत्येक पिकला लिहा. ईएसपी३२ नाही घेतला तरी एवढं तरी करा.

मागकरी_१६
धोटाताई, काउंटर काढून कपाटात ठेवले होते, आज १६ च्या १६ परत बसवले. तुमचं म्हणणं पटलं, कालच्या त्या मामांचे दोन वेळचे पिक मागच्या पाळीच्या सरासरीनं धरून देतोय. एफ-रॅम मागवली, दादा थँक्यू.

मागकरी_१६
तीन दिवसांनी लिहितोय. सिरियल लावला. दोन रात्रीत चार क्रॅश पकडले. चारही वेळा 'अनेबल टू हँडल कर्नल पेजिंग रिक्वेस्ट', आणि पीसी (कोडमध्ये पडला ती जागा) च्या पुढं चारही वेळा वायफाय डोंगलच्याच ड्रायव्हरचं नाव, फंक्शनही तेच. वर टेंटेड लिहून जी सी ओ अशी अक्षरं आहेत, ते काय?

जुना_लिनक्सवाला
ओ म्हणजे कर्नलच्या बाहेरचा मॉड्यूल चढवलाय, तो तुमचा डोंगल. सी सोडून द्या, पायचे स्वतःचे काही ड्रायव्हर अजून स्टेजिंगमध्ये, म्हणजे कच्च्या अवस्थेत, असतात, त्यामुळं सगळ्यांकडंच दिसतो. झालं, ड्रायव्हर काढा, डोंगल उपटा. ऑफिसपर्यंत लॅन केबल ओढा, पाय ४ ला गिगाबिट पोर्ट आहेच.

हॉटगीरोड
वॉचडॉग चालू करा ना, अडकला की स्वतः रिबूट होईल.

जुना_लिनक्सवाला
करा, पण आधी रोग बरा करा मग. आधी वॉचडॉग लावला असता तर अडकलेले क्रॅशही रिबूटसारखे दिसले असते आणि दोन आजार कधीच वेगळे कळले नसते.

वायरमनकाका
केबल मागांच्या मोटारीच्या वायरीबरोबर एकाच पट्टीत ओढू नका, वेगळी न्या. आणि सेन्सर २४ व्होल्टचे असतील तर मध्ये ऑप्टोकपलर (२४ व्होल्ट पायपासून वेगळे ठेवणारा) आहे ना? का थेट पायच्या पिनवर?

मागकरी_१६
ऑप्टोकपलर आहेत काका, पीसी८१७, ते सुरुवातीलाच लावले होते.
डोंगल काढला, ड्रायव्हर काढला, ३० मीटर लॅन केबल छताच्या बाजूनं नेली. ५.१ व्होल्ट ३ अँपियरची सप्लाय आणली, तिची केबल आखूड म्हणून पॅनलमध्येच सॉकेट बसवून घेतलं. आता पिनवर ५.०७ येतंय. काल दुपारी दोनदा लाईट गेली-आली, लाईट गेल्यावर पाय बंद पडला तो पडलाच, त्याला यूपीएस लागणार, पण मोटारी चालू करताना जो पडायचा तो नाही पडला.

मागकरी_१६
शनिवार. गेट थ्रॉटल्ड ०एक्स०. रात्रपाळी तीन झाल्या, एकदाही अडकला नाही. एफ-रॅम अजून यायचीय, तोवर दर मिनिटाला सेव्ह करतोय. आज हिशोबाला काउंटरचे आकडे आणि पायचे आकडे शेजारी शेजारी वहीत लिहिले, मामांसमोर. १४ मागांचे तंतोतंत जुळले, दोन मागांना पायवर जास्त दिसतायत, एकाला ४०, दुसऱ्याला ६५. पगार काढताना दोन्हीतला जास्तीचा आकडा धरला. हे दोन मागच का चुकतायत कुणाला माहीत आहे का?

धोटा
कुठले दोन?

मागकरी_१६
१५ आणि १६. ज्यांच्या पिना बदलल्या तेच.

वायरमनकाका
पिन बदलताना वायर वाढवली असणार. जोड नीट सोल्डर करा, आणि कोडमध्ये त्या दोन पिनांना पुल-अप (इशारा नसताना पिन वर धरून ठेवणारा) दिलाय का बघा.