घरशाळेतले नकाशे: भरायचे की घडवायचे?

रेवाची आई: काल इथे एकांनी लिहिलं, घरशाळेतले नकाशे म्हणजे आईबापांची हस्तकला, कोरा नकाशा आणा, भरून घ्या, मोकळे व्हा. फार लागलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमच्याकडे अख्ख्या पावसाळ्यात एकच नकाशा झाला, पानिपतचा. खाली पुठ्ठ्यावर नुसत्या नद्या नि डोंगर. वर बटर पेपरचे थर, मराठी फौजेच्या वाटेवरच्या एका टप्प्याला एक. पहिल्यावर उदगीर, फेब्रुवारी १७६०. मग बुऱ्हाणपूर, ग्वाल्हेर. ऑगस्टच्या कागदावर दिल्ली. कागद सरकायचे, म्हणून चारही कोपऱ्यांत फुल्या मारायची युक्ती लेकीचीच, वय दहा. दिल्लीवर बोट ठेवून म्हणाली, "अब्दाली पलीकडे आहे, मग हे नदी का ओलांडत नाहीत?" मी काही बोलायच्या आत तिनं कोपऱ्यातला महिना वाचला. "पूर!" ऑक्टोबरच्या कागदावर अब्दाली बागपतला यमुना उतरून अलीकडे आला, मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊंची दिल्लीची वाट तुटली, तेव्हा ती कितीतरी वेळ गप्प होती. कोऱ्या नकाशात हे कुठून दिसणार?

भूगोलाचे सर: कालचं मीच लिहिलं, शब्द मागे घेत नाही. बावीस वर्षं शिकवतोय, वर्गात साठ मुलं, तासिका पस्तीस मिनिटांची. गेल्या वर्षी घरी शिकलेला मुलगा नववीत आला. पानिपत तोंडपाठ, तापी मात्र गोदावरीच्या खाली काढली. एकावर चार महिने घालवलेत तर बाकीचे कधी?

मातीचा किल्ला: नकाशांचं सोडा हो. दिवाळीत किल्ला करणं हाच खरा भूगोल, तोच आपण मारला. आता प्लास्टरचा साचा आणायचा, वर मावळे मांडायचे, झालं.

चौथा मजला: माती आणू कुठून? जिन्यात सांडली म्हणून सोसायटीची नोटीस आली होती. विकतच्या किल्ल्यानं माझा मुलगा काही कमी शिकला नाही.

मातीचा किल्ला: कमीच शिकला. राजगडाला तीन बाजूंना तीन माच्या, म्हणजे डोंगराच्या सोंडांवरचे तटबंदीचे सपाट भाग, का, हे सोंडा थापताना हाताला कळतं. साच्याचे सगळे किल्ले सारखेच.

चौथा मजला: तुम्हाला अंगण मिळालं, म्हणून हे सुचतं. आम्ही दोघंही रात्री आठला घरी येतो. दर वेळी आम्हीच मुलांचं वाटोळं करतो, हे ऐकून विटलोय आता!

रेवाची आई: भांडू नका. मातीवाचूनही होतं. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. त्यात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटर उंचीला एक असतात, दर पाचवी ठळक. फक्त ठळक रेषा खोक्यांच्या पुठ्ठ्यावर उतरवून कापा, एकावर एक चिकटवा. आमचा राजगड कॉटखाली मावतो.

चौथा मजला: हे जमेल. रविवारी बसतो.

भूगोलाचे सर: हे मलाही मान्य करावं लागेल. फळ्यावरच्या समोच्च रेषांत निम्म्या वर्गाला डोंगर कधी दिसलाच नाही. पण तापीचं काय?

रेवाची आई: आत्ताच विचारलं. तापी बिनचूक, बुऱ्हाणपूर तिच्याच काठी ना! भीमा मात्र थेट अरबी समुद्राला नेली. आमच्या नकाशात भीमा नव्हतीच. उद्या दहा कोरे नकाशे आणते, सर. पानिपत भिंतीवरून काढणार नाही.