धर्माच्या रकान्यात ‘नास्तिक’ लिहिता येईल का?

मंगळवारपेठकर (प्रश्न):
माझ्या मुलीने दहावीनंतरच्या प्रवेश अर्जात धर्माच्या रकान्यात ‘नास्तिक’ असे लिहिले. लिपिकाने ‘हा काय धर्म आहे का?’ असे विचारून अर्ज परत केला. मग रकाना कोरा ठेवू द्या, असे ती म्हणाली. तेही मान्य झाले नाही. शेवटी मीच ‘हिंदू’ लिहून वाद मिटवला. घरी आल्यावर ती म्हणाली, “बाबा, तुम्ही नवरात्रात अंबाबाईला जाता म्हणून तुम्हाला रकाना आहे, मी जात नाही म्हणून मला नाही, हे कसे?” मला उत्तर सुचले नाही. नास्तिकतेलाच एक धर्म मानून तिचे नाव यादीत घातले, तर हा प्रश्न सुटणार नाही का? जाणकारांनी टिंगल न करता मत द्यावे.

बावड्याचा वकील:
लिपिकाचा प्रश्न रास्त होता, अर्ज परत करणे मात्र चूक होते. मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी दिलेल्या निकालानुसार, संविधानाच्या अनुच्छेद २५ मधील सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात कोणताही धर्म न मानण्याचे स्वातंत्र्यही येते आणि शासन कोणाही नागरिकावर धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही. त्या प्रकरणातील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. राजपत्रात ‘धर्म नाही’ अशी नोंद मागणारे ते अर्जदार नास्तिक नव्हतेच. येशू ख्रिस्तावर त्यांची श्रद्धा होती. केवळ ख्रिस्ती किंवा अन्य कोणत्याही संघटित धर्माचे आपण नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. देव मानूनही माणूस निधर्मी असू शकतो, हे येथे न्यायालयाच्या दप्तरीच नोंदले गेले आहे. तेव्हा आपल्या मुलीने ‘नास्तिक’ऐवजी ‘धर्म नाही’ असे लिहिण्याचा आग्रह धरावा.

वारसाहक्काची चिंता करू नये. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ हा मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नसलेल्यांनाही सर्वसाधारणपणे लागू होतो. म्हणजे तिने काहीही लिहिले तरी शेतातील तिचा वाटा त्याच कायद्याने ठरेल. अनुसूचित जातीच्या कुटुंबांनी मात्र सावध राहावे, कारण १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरताच आहे. (मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आता आपल्या कोल्हापुरातच आल्यामुळे अशा तक्रारीसाठी मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही, हेही जाता जाता सांगतो.)

निवृत्त प्राध्यापक:
वकीलसाहेबांनी सांगितलेल्या गोष्टीची दुसरी बाजू आपल्याच गावात दिसते. शुक्रवार पेठेतील जैन मठावरून आपण रोज जातो. सृष्टी निर्माण करणारा ईश्वर जैन दर्शन मानत नाही, तरीही जैन हा धर्म नाही असे कोणी म्हणत नाही, कारण त्याला आचार आहे, व्रते आहेत, साधूंची परंपरा आहे, मंदिरे आहेत. आपल्या परंपरेत ‘नास्तिक’ शब्दाचा अर्थही ईश्वर नाकारणारा असा नव्हता. मनुस्मृती वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक म्हणते. म्हणून जैन, बौद्ध आणि चार्वाक एका पंक्तीत बसले, तर जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे मीमांसक वेदप्रामाण्य मानत असल्याने आस्तिकच राहिले.

सत्यशोधक नास्तिक होते, असाही गैरसमज नेहमी होतो. कोल्हापुरात १९११ साली शाहू महाराजांच्या पाठबळावर सत्यशोधक समाजाचे काम सुरू झाले, ते भटजीची मध्यस्थी नाकारण्यासाठी. जोतीराव फुले स्वतः निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानत होते. देव, ग्रंथ, पुरोहित आणि जमात या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नास्तिक त्यांपैकी फक्त पहिलीबद्दल बोलतो. एका प्रश्नाच्या नकारार्थी उत्तराला धर्म म्हणणे मला तरी मान्य नाही.

पंचगंगाकाठ:
तर्क मान्य, पण व्यवहार पाहा. अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने २००५ साली, तुरुंगातील कैद्याला नास्तिकांचे अभ्यासमंडळ हवे होते तेव्हा, संविधानाच्या संरक्षणापुरते नास्तिकतेला धर्म मानले. नॉर्वेत मानवतावादी संघटनेला धर्मसंस्थांप्रमाणेच सरकारी अनुदान मिळते. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत नास्तिक म्हणून सुमारे ३३ हजारच लोक नोंदले गेले, तर धर्म न सांगणारे २८ लाखांहून अधिक होते. नाव असल्याशिवाय मोजणी होत नाही, आणि मोजणी झाल्याशिवाय कोणी विचारत नाही. माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे दहावा-तेरावा काहीच केले नाही. तेरा दिवस लोक येऊन बसत, पण नेमके काय करायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. निदान एखादी रीत तरी हवी होती, असे आईला आजही वाटते.

बावड्याचा वकील:
अमेरिकेतील निकाल समान वागणुकीसाठी होता. अमुक कैद्यांना मंडळ मिळते, मग यालाच का नाही, एवढाच मुद्दा होता. धर्माचे संरक्षण मिळणे आणि धर्म असणे यांत फरक आहे. रीत हवी, हे मात्र मी पूर्णपणे मान्य करतो. पण एकत्र येण्याने धर्म होत नाही. २०१५ मध्ये कॉम्रेड पानसरे यांची हत्या झाल्यानंतर येथे निर्भय मॉर्निंग वॉक निघत असत. ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, घोषणा, सगळे होते. आणि माझ्या शेजारी चालणारे गृहस्थ दर रविवारी जोतिबाला जाणारे होते.

मंगळवारपेठकर:
सर्वांचे आभार. मुलीला हे सर्व वाचून दाखवले. ‘नास्तिक’ हा शब्द सोडायला ती तयार नव्हती. जैन मठाचे उदाहरण ऐकल्यावर मात्र थोडी थांबली आणि अर्ज दुरुस्त करून ‘धर्म नाही’ असे लिहायला राजी झाली. वकीलसाहेब, निकालाची प्रत कोठे मिळेल ते कृपया कळवावे. सोमवारी कार्यालयात जाताना ती जोडतो. या वेळी बोलायचे काम तिचे, मी फक्त बरोबर जाणार आहे.