बाबांना गिफर्ड व्याख्यानांना न्यायचंय (एडिंबरा) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही एडिंबरात राहतो. यंदा बाबा येणार आहेत आणि विद्यापीठातली गिफर्ड व्याख्यानं ऐकायचीच, असं त्यांनी तिकडूनच बजावलंय. निवृत्त शिक्षक, वारकरी घर. इंग्रजी वाचतात झकास, पण स्कॉटिश उच्चारांपुढे हात टेकतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लॉर्ड गिफर्ड हे इथले न्यायाधीश, १८८७ मध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी एडिंबरा, ग्लासगो, अ‍ॅबरडीन आणि सेंट अँड्र्यूज या चार विद्यापीठांना मिळून ८० हजार पौंड ठेवले, ईश्वर आणि धर्म यांवर व्याख्यानं व्हावीत म्हणून. वक्ता कुठल्याही धर्माचा चालेल, अज्ञेयवादीही चालेल. ऐकायला फक्त विद्यार्थी नकोत, गावातल्या कोणालाही येऊ द्या. पण बोलायचं ते खगोलशास्त्र किंवा रसायनशास्त्रावर बोलावं तसं. साक्षात्काराचा, चमत्काराचा आधार घ्यायचा नाही. ग्लासगोला पहिला मान मॅक्स म्यूलरना मिळाला (हो, पुण्यातल्या भवनाच्या नावातले तेच). खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनही तिथेच बोलले, १९८५ मध्ये.

बाबांचं घोडं त्या साक्षात्काराच्या अटीवर अडलं. "तो वगळला तर तुकोबांचं उरलं काय?" मग मी त्यांना अमेरिकन तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सबद्दल सांगितलं. त्यांनी १९०१-०२ मध्ये इथेच व्याख्यानं दिली, त्यात चर्च आणि कर्मकांड जवळजवळ बाजूला ठेवलं आणि माणसांनी स्वतःच्या अनुभवाबद्दल जे लिहून ठेवलंय तेच पुरावा म्हणून मांडलं. बाबा खूश! "अगं, मग अभंग म्हणजे तरी दुसरं काय?"

तेव्हापासून ते वक्त्याला विचारायचा प्रश्न तयार करताहेत. काल व्हिडिओ कॉलवर दाखवला: कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, दोन्ही बाजूंनी, मध्ये तीन अभंग. प्रश्नचिन्ह शोधावं लागलं.

तर विचारायचं असं की,
१. जेम्सच्या विचारांची ओळख करून देणारं मराठीत काही आहे का?
२. प्रश्न बाबांनी मराठीत विचारला आणि मी तिथल्या तिथे इंग्रजीत सांगितला तर चालतं का? की मीच विचारावा?
३. त्यांना ऐकू जरा कमी येतं. कुठे बसवावं?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद:
२ – खुशाल करा, फक्त अध्यक्षांना आधी गाठून कल्पना द्या. दोन वाक्यांत बसवा, अभंग एकच. लोकांना आवडेल उलट.
३ – पुढच्या रांगेत, आणि हॉलवाल्यांना श्रवणयंत्राच्या सोयीबद्दल आधी विचारा. जुन्या व्याख्यानांची रेकॉर्डिंग यूट्यूबवर आहेत, ती सबटायटल लावून आत्तापासून ऐकवा, कान सरावेल. प्रवेश फुकट असला तरी नावनोंदणी बघून ठेवा. आणि एकाच वक्त्याची ओळीने बरीच व्याख्यानं असतात. पहिलं चुकलं तर पुढचं डोक्यावरून जातं. तसं पहिलं ऐकूनही जाऊ शकतं म्हणा! १९२८ मध्ये तत्त्वज्ञ व्हाइटहेड इथे बोलले तेव्हा शेवटी मूठभर श्रोते उरले होते. बाबांना आधीच सांगून ठेवा.

धागाकर्ती:
सांगितलं. व्हाइटहेडचं ऐकून हसले, पण एका अभंगावर अजून तयार नाहीत, दोनवर आलेत. क्रमांक १ चं कोणी सांगेल का?